डावा पुठ्ठा

चोळायचं नाही. हे पहिलं.
टॉवेल ठेवायचा, दाबायचा, उचलायचा,
कोरडा घ्यायचा, पुन्हा ठेवायचा.
चोळलं की गाठी, आणि गाठीत तुटलेला केस
शनिवारी दिसत नाही,
रविवारी रिंगमध्ये दिसतो, सगळ्यांना.

शिरीन टेबलावर उभी आहे. अफगाण हाऊंड.
भिजून निम्मी झालेली,
नाक तेवढं आधीइतकंच लांब.
खोर्शेदबाई तिला देवळालीहून स्वतः घेऊन आल्यात,
वय सत्त्याहत्तर, गिअर अजून रागाने टाकतात.
कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून
थर्मासमधला पुदिन्याचा चहा
मला न विचारता माझ्या कपात ओततात.

मी निफाडची. आमची कांद्याची चाळ होती.
अण्णा म्हणायचे, वारा खालून आला पाहिजे,
वरून येणारा वारा नुसता बघून जातो.
म्हणून माझ्या टेबलाला फळी नाही, जाळी आहे.
गंगापूर रोडच्या वेल्डरने ती करून दिली
आणि विचारलं, ताई, यावर काय भाजणार?

पंजापासून सुरुवात, खालून वर.
कंगव्याच्या शेपटीने एक रेघ पाडायची,
रेघेखालची बट तेवढी सोडायची,
ब्रश आणि ब्लोअर एकाच दिशेने, मुळापासून,
बोटाला गार लागेनाशी होईपर्यंत.
गार लागली म्हणजे आत अजून पाणी आहे.
मग पुढची रेघ.

आणि उरलेली कुत्री ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवायची.
नव्या मुली इथे हटकून विचारतात,
वाळवायचीच आहे तर ओली का ठेवायची?
अगं, आपलं आपण वाळलेला केस वाकडा वाळतो.
ज्याची पाळी आली नाही
त्याने ओलंच राहायचं.

पावणेनऊला लाईट गेली.
वरच्या क्लासमधली पोरं आनंदाने ओरडत जिना उतरली.
इन्व्हर्टरवर पंखा चालतो, ब्लोअर नाही.
उजवी बाजू झाली होती, मान झाली होती,
कानांच्या झालरी, डावा पुढचा पाय.
राहिला होता डावा पुठ्ठा.
पंखा मी बंद केला,
आणि फवाऱ्याची बाटली घेऊन बसले.
कुत्री वाळवणारी बाई अंधारात कुत्रीवर पाणी मारतेय,
अण्णांनी पाहिलं असतं तर
कपाळावर हात मारला असता.

अर्धा तास कोणी बोललं नाही.
मग बाई म्हणाल्या, त्यांच्या त्या मराठीत,
"फ्रेडी गेला ना, तवा मी त्याचा सगळा कपाट
एका दिवसात खाली केला.
कोट, बूट, पाइप, सगळा. एका दिवसात.
लोक बोलले, खोर्शेद, शाबास."
मी म्हटलं, मग?
"मग काय. वाकडी वाळली मी."
आणि हसल्या. शिरीननेही कान हलवले,
कोरडे होते, आवाज आला नाही.

दहा वीसला लाईट आली.
पुठ्ठ्याला पाऊण तास लागला,
तेवढ्यात शिरीन उभ्या उभ्या झोपली,
हनुवटी बाईंच्या खांद्यावर.
बाईही झोपल्या असाव्यात. हात मात्र पट्ट्यावर घट्ट होता.
पहाटे साडेतीनला दोघी सिन्नरमार्गे पुण्याला निघाल्या,
शिरीनच्या चारही पायांत माझ्या हातचे मोजे.

सोमवारी फोन.
"तिसरा नंबर. चालीत मार्क गेला, केसात नाय."
परीक्षकाने डाव्या पुठ्ठ्यावरून दोनदा हात फिरवला म्हणे,
दुसऱ्यांदा उगाच.
मी ब्रशमधले केस काढत होते, रेशमी, सोनेरी,
टाकवत नव्हते.
"अजून एक विचारायचा होता," बाई म्हणाल्या,
"डिकीत, स्टेपनीच्या खाली, फ्रेडीचा स्वेटर सापडला.
लोकरीचा. कसा धुवायचा?"

मला येत होतं उत्तर. कोमट पाणी, पिळायचं नाही,
सपाट पसरायचा, सावलीत.
मी म्हटलं,
इतक्यात नका धुऊ.